उत्तरेची बाग आणि कोंडाबाईच्या कुरडया

हसायचं असेल तर आताच हसून घ्या राजेहो, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. हा घोटाळा दुसऱ्या कुणी केला असता तर मीसुद्धा पोट धरून हसलो असतो. पण केला मी. मेहकरच्या मिडल शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरानं. भूगोलाच्या, हे तेवढं ध्यानात ठेवा. आणि चहा घ्या, निवतोय.

दिवाळी झाली आणि माझी बदली मेहकरला झाली. मी, आमची अन्नपूर्णा आणि माझी धाकटी बहीण यमू, असं तिघांचं बिऱ्हाड. भाड्याचं घर मिळालं त्याचं तोंड दक्षिणेला, रस्त्याकडे. पुढं ओसरी. मागं, घराच्या उत्तरेला, भिंतीनं वेढलेलं एक परसू. घरमालक ते दाखवताना जरा ओशाळलाच.

"मागं काई लावू नका मास्तर. ऊनच पडत नाई तिथं."

आता मला सांगा, आपल्या वऱ्हाडात ऊन न पडणारी जागा! लोक उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या बांधतात, त्यावर दिवसभर पाणी मारत बसतात, आणि इथं देवानं फुकटात सावली करून ठेवलेली. मी घरमालकाला काही बोललो नाही. न जाणो, भाडं वाढवायचा.

मग मी त्या परसात जीव ओतला. मोरीच्या पाण्यावर अळू लावलं, ते सुपाएवढं झालं. हळद लावली, आलं लावलं, पुदिना तर पाय ठेवायला जागा देईना. भिंतीवर नागवेल चढवली. जेवण झालं की मी हात पुढं करून पान तोडायचो आणि तसंच पुसून तोंडात टाकायचो. असलं सुख तालुक्याच्या मोठ्या मालगुजारालाही नव्हतं. दगडांवर हिरवी मखमल धरली. रांजणाच्या बुडाशी दोन बेडूक येऊन राहिले. पौषात माझे दात वाजायचे, तरी मी घोंगडी पांघरून तिथंच बसायचो. सगळं गाव ओट्यांवर ऊन खात बसायचं आणि हा मास्तर सावली खात बसायचा.

"अहो, उन्हात या जरा. ओठ निळे पडून राह्यले," अन्नपूर्णा म्हणायची.

"आता हस तू. वैशाखात कळेल," मी म्हणायचो.

चैत्रात सकाळी उन्हाचा एक पट्टा अळवाच्या वाफ्यावर यायचा, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, वाट चुकून आला असेल. शाळा सकाळची झाली होती, मी घरी यायचो, जेवून आत झोपायचो. मग सुट्टी लागली आणि आम्ही तिघं माझ्या सासुरवाडीला, देऊळगाव राजाला गेलो. ज्या वैशाखाची मी अन्नपूर्णेला धमकी देत होतो, तो सबंध वैशाख मी माझ्या बागेपासून लांब काढला. इथंच सगळं नासलं.

तिकडे यमूनं बालाजीच्या देवळात माधवला पाहिलं. माधव म्हणजे जवळच्याच गावच्या आबासाहेबांचा मुलगा, नागपूरला शिकून आलेला. त्यानंही हिला पाहिलं असावं, कारण त्या दिवसांत दोघांचीही भक्ती फार वाढली होती. यमूनं वहिनीला सांगितलं, वहिनीनं मला. यमू मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, हे एक स्थळ नीट जमव. बाकी तुझ्याजवळ कधी काही मागणार नाही." डोळे भरले होते पोरीचे. आईबापाच्या माघारी मीच तिचा सगळा. मला गलबलून आलं. मी म्हटलं, तू निश्चिंत राहा.

निश्चिंत राहा म्हणणारा माणूस कोण, ते लक्षात घ्या.

आबासाहेब म्हणजे भला थोरला देह. कपाशीचे मोठे जमीनदार, आवाज असा की खळ्यावरून हाक मारली तर गावात ऐकू जावी. फक्त ऊन सोसत नसे. त्यांना ओसरीवर बसून सारखा घाम पुसताना पाहिलं आणि माझ्या जिभेला खाज सुटली.

"आबासाहेब, आमच्या मेहकरच्या बागेत या. उत्तरेची बाग आहे. भर ज्येष्ठात शाल मागाल."

"शाल?"

"शाल."

आबासाहेब सरसावून बसले. "मंग असं करू मास्तर. पोरगी पाह्याले आमी येतो तुमच्या घरी. पण बैठक त्या बागेतच पाह्यजे. घरात बसनार नाई आमी."

मृगाच्या तोंडावरचा शुक्रवार ठरला. आम्ही आदल्या संध्याकाळी मेहकरला पोचलो. मी धावतच मागं गेलो, आणि पाहतो तर काय? अळू करपून काळं. हळदीची पानं कागदासारखी वाजताहेत. नागवेलीच्या नुसत्या दोऱ्या लोंबताहेत. बेडूक परागंदा. पाणी घालायचं काम मी शेजारच्या कोंडाबाईंवर सोपवलं होतं. विधवा बाई, जीभ तिखट, पण मनानं चांगली. मी भिंतीपाशी जाऊन तडकलोच.

"कोंडाबाई, एवढं साधं काम. पाणी घालायचं होतं नुसतं."

"घातलं ना बापा. सकाळ-संध्याकाळ घातलं."

"मग हे असं काऊन झालं?"

"ऊन किती लागते तिथं मास्तर. तुमच्या परसासारखं ऊन साऱ्या आळीत नाई."

घ्या. वर टोमणा. मी चिडून म्हटलं, इथं सावली असते, पाणी घालायला तुम्हीच चुकलात, आणि पाय आपटत आत आलो. बाईनं मात्र मन मोठं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कुरडयांची टोपली अन्नपूर्णेच्या हाती ठेवली, पाहुण्यांसाठी म्हणून.

मेलेलं अळू उपटलं, जमीन सारवली, पाणी शिंपलं, जाजम घातलं, लोड टाकले. पूर्वेला कोंडाबाईंच्या घराची उंच भिंत, तिची सावली सबंध परसावर. हवेत गारवा. आबासाहेब बैलांच्या दमणीतून उतरले, सोबत माधव आणि दोन म्हातारे पाहुणे. आबासाहेब बागेत आले, लोडाला टेकले आणि डोळेच मिटले त्यांनी.

"वा मास्तर. खोटं नाई बोलले तुमी."

तो माझ्या आयुष्यातला फार चांगला क्षण होता. जास्त टिकला नाही, पण चांगला होता.

त्या दोन म्हाताऱ्यांतला एक पंचांग पाहून म्हणाला, बारापर्यंत राहूकाळ आहे, तो टळल्यावर मुलीला बाहेर आणा. मी म्हटलं, अवश्य. अशा सावलीत बसायला कुणाचं काय जातंय? आता आमच्याकडची एक रीत सांगतो. मुलगी पाहायला आलेली माणसं एकदा बैठकीवर बसली, की मुलगी पाहून पान घेईपर्यंत उठत नाहीत. ते आपण होऊन उठले तर नकार. आपण त्यांना उठवलं तर अपमान. म्हणजे एकदा बसले की बसले.

थोड्या वेळानं कोंडाबाईंच्या भिंतीवरून सूर्यानं डोकं काढलं.

"मास्तर, ऊन आलं," आबासाहेब म्हणाले.

"आलं तसं जाईल. आता घराच्या मागं गेलं की पुन्हा दिसायचं नाही."

आम्ही सगळे सूर्याकडं पाहत बसलो. सूर्य वर चढला. घराच्या मागं काही जाईना. आणखी वर चढला. मी घराच्या छपरावरच्या कवेलूंकडं पाहत होतो, ये बाबा, इकडं सरक. तो सरळ आमच्या डोक्यावर यायला निघाला होता. कुणीतरी त्याला घराची दिशाच सांगितली नव्हती. माधवच्या कानामागून घामाचे ओघळ सुटले. आबासाहेबांचा फेटा ओला झाला. जाजमाला हात लावावा तर चटका.

मी आतून माझी शाळेची छत्री आणली आणि आबासाहेबांच्या डोक्यावर धरून उभा राहिलो. त्यांनी खालून माझ्याकडं रोखून पाहिलं. मग एकदम हसले.

"समजलं मास्तर."

"काय समजलं?"

"पोरगा नागपूरले शिकला. सावलीत वाढला. वावरात उभा राहीन का नाई, हे पाहून राह्यले तुमी. म्हनून बसवलं उन्हात. बाकी सावली-गिवलीची थाप मारली ती आमाले आनाले."

आता शहाण्या माणसानं काय करावं? म्हणावं, नाही हो, मी मूर्ख आहे. मी काय केलं? मी गूढपणे हसलो आणि मान डोलावली.

"बंद करा ती छत्री मंग," आबासाहेब म्हणाले. "आमी बी पाहू. माधव, टोपी काढ."

माधवनं टोपी काढली. बिचारा उघड्या डोक्यानं, ताठ बसला. स्वयंपाकघराच्या दारामागून यमू ते पाहत होती. तिनं माझ्याकडं टाकलेली नजर त्या उन्हापेक्षाही जास्त भाजली. मी तिला खुणेनं म्हटलं, सगळं ठीक चाललंय. आणि खरंच ठीक चाललं होतं हो. आबासाहेब त्या दोन म्हाताऱ्यांना सांगत होते, मानूस पाह्यजे तं असा. बहिनीसाठी जावई पारखून घेते. माझी छाती फुगायला लागली होती. मला स्वतःलाही वाटायला लागलं, की मी हे सगळं ठरवूनच केलं असावं.

तेवढ्यात अन्नपूर्णेनं पन्हं आणि तळलेल्या कुरडया पाठवल्या. आबासाहेबांनी एक तोंडात टाकली. कुर्रकन आवाज झाला.

"वा. अशी कुरोडी मी नाई खाल्ली. पांढरी फेक, अन् हलकी किती. कुठं वाळवल्या?"

मी तोंड उघडायच्या आत परसाच्या बुटक्या भिंतीवरून कोंडाबाईंचा आवाज आला. बाई पाटावर उभी राहून केव्हापासून पाहत होती, देव जाणे.

"इथंच वाळवल्या ना. तुमी बसले हाय, बरोब्बर तिथंच. साऱ्या आळीचं वाळवन यंदा मास्तरच्या परसात झालं. लय चांगलं ऊन हाय. कालच सांगतलं मी मास्तरले, तं माह्यावरच डाफरले. म्हने इथं सावली असते, पानी घालाले चुकली तू."

 आबासाहेबांच्या हातातली अर्धी कुरडई तशीच राहिली. त्यांनी करपलेल्या नागवेलीकडं पाहिलं. मग सूर्याकडं. मग माझ्याकडं. माझ्या हातात मिटलेली छत्री.

"म्हंजे मास्तर, परीक्षा-गिरीक्षा काई नव्हती?"

"नव्हती," मी म्हणालो.

"तुमाले खरंच वाटलं, इथं सावली राहीन?"

"हिवाळ्यात असते."

त्यांनी मांडीवर हात ठेवले. उठणार, असं मला वाटलं. उठले असते तर यमूचं सगळं तिथंच संपलं असतं, आणि ते माझ्या या जिभेमुळं. खरं सांगतो, त्या वेळी मला ऊन लागेनासं झालं होतं.

पण त्या पंचांगवाल्या म्हाताऱ्यानं आकाशाकडं पाहून सांगितलं, राहूकाळ टळला. आणि यमू बाहेर आली. बोलावल्यावाचून आली, पानाचं तबक घेऊन. आबासाहेब पुन्हा टेकले. त्यांनी तबकाला हात लावला नाही.

"बस बाई. शिकलेली हायेस म्हनतात."

"हो."

"मंग एक सांग. हा सूर्य सकाळपासून आमाले भाजून राह्यला. तुमच्या घरामागं काऊन नाई गेला?"

यमूनं मान खाली घातली, पण आवाज स्वच्छ होता. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलासारखा.

"या दिवसांत जात नाही. सूर्य उत्तरेकडं सरकलेला असतो. कर्कवृत्त आपल्या गावाच्या उत्तरेला आहे ना, म्हणून ज्येष्ठात तो आपल्या डोक्यावरून पुढं उत्तरेकडं जातो. उगवतो ईशान्येकडं, मावळतो वायव्येकडं. ऐन दुपारची सावलीसुद्धा दक्षिणेला पडते. हिवाळ्यात याच्या उलट."

"असं? म्हंजे आज सावली कुठं हाय?"

"पुढच्या ओसरीवर."

आबासाहेबांनी मान वळवून घरातून आरपार पुढं पाहिलं. ओसरीवरच्या गार सावलीत त्यांचा गाडीवान हातपाय ताणून घोरत होता.

"अन् हे तुले कोनं शिकवलं?"

यमूनं माझ्याकडं पाहिलं. मी मनातल्या मनात म्हटलं, पुस्तकात वाचलं म्हण. माझे आई, पुस्तकात वाचलं म्हण.

"दादानं," यमू म्हणाली. "वर्गासाठी तयारी करताना मोठ्यानं म्हणतो. याच जाजमावर बसून."

आधी माधव हसला, टोपीत तोंड लपवून. मग ते दोन म्हातारे. मग आबासाहेब असे हसले की फेटा सुटून मांडीवर आला. भिंतीपलीकडं कोंडाबाई पाटावरून पडल्याचा आवाज झाला. आबासाहेबांनी डोळे पुसले, तबकातलं पान उचललं आणि तोंडात टाकलं.

"पोरगी पास," ते म्हणाले. "मास्तर, तुमी मातर याच वर्गात अजून एक साल बसा."

लग्न त्याच ज्येष्ठात झालं. आबासाहेबांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. त्यांची अट एकच होती: मांडव कुठं घालायचा ते नवरी ठरवील, मास्तरला कुणी विचारायचं नाही.