जाळीच्या दारामागच्या एस्तेरमावशी

आमच्या शेजारच्या एस्तेरमावशींइतकं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी त्या दचकायच्या. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत मोटारसायकल थांबली की आधी पडद्याआडून बघायच्या, मग छातीवर हात ठेवून देवाशी पुटपुटायच्या, "बापा, मी भ्यालेय. पण हाय मी इथंच."

हे भय उगीच नव्हतं. त्यांचा जावई सुनील दारू पिऊन मारहाण करायचा. अशाच एका भांडणात त्यानं मावशींच्या लेकीला, शीलाला, जिन्यावरून ढकललं. ती वाचली नाही. सुनील तुरुंगात गेला आणि शीलाची तान्ही ग्रेसी मावशींच्या पदरात आली. नर्सची नोकरी करून, आमच्या भिंतीपलीकडे, त्यांनी तिला वाढवलं.

एका नाताळला मी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेले होते. सगळे प्रभूची प्रार्थना म्हणत होते. 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी' या अर्थाची ओळ आली आणि मावशींचे ओठ मिटले. पुढच्या ओळीला पुन्हा हलायला लागले. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, "देवाच्या तोंडावर खोटं कसं बोलू गं मंदा? जमंल तवा म्हणीन."

पुढे सुनील सुटल्याची बातमी आली. ग्रेसी तेव्हा सातवीत होती. मावशी तिला शाळेत पोचवायला आणि आणायला स्वतः जाऊ लागल्या. दूधवाल्यालाही त्या नाव विचारल्याशिवाय कडी काढत नसत. ते भय भिंत ओलांडून माझ्याही घरात आलं. गल्लीत अनोळखी माणूस दिसला की मीही आधी दाराची कडी तपासू लागले.

तो आला भर दुपारी. मी मावशींकडे मेथी निवडत बसले होते. शाळेला सुट्टी होती, ग्रेसी आतल्या खोलीत होती. जाळीच्या दाराबाहेर एक वाळलेला, पिकल्या दाढीचा माणूस उभा राहिला. मावशींनी ओळखलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मंदा, मागच्या दारानं ग्रेसीला तुज्या घरी ने. कडी लाव," एवढंच त्या म्हणाल्या.

मी पोरीला आत कोंडलं आणि हातात फोन धरून मावशींचं दार दिसणाऱ्या खिडकीशी उभी राहिले. पोलिसांचा नंबर लावावा की न लावावा, मला सुचेना.

"आई, माफ करा मला," तो रडत होता.

"केलंय," मावशी म्हणाल्या. आवाज चिरकत होता. "सकाळी करते. दुपारपोतर पुन्ना राग येतो. मग पुन्ना करते. रोज हेच चाललंय."

"मग पोरगी दाखवा."

"ते नाय."

त्यानं दोन्ही हातांनी जाळी धरून गदागदा हलवली. कडी खडखडली. "माझं रक्त हाय ते!"

मावशी मागे सरकल्या नाहीत. "माफी माज्या हातातली हाय, ती दिली. लेकरू काय माजी चीज नाय द्यायला. मोठी झाली का ती ठरवील. आता पानी पी आन् जा."

जाळीच्या रुंद गजांमधून त्यांनी फुलपात्र पुढं केलं. निम्मं पाणी त्यांच्याच हातावर सांडलं. तो प्यायला आणि गेला.

मी धावत गेले तर मावशी जमिनीवर बसलेल्या. भीतीनं लुगडं ओलं झालं होतं. त्यांना ते कळलंही नव्हतं. मी त्यांना धुतलं, कपडे बदलले. "लई भ्याले गं," त्या म्हणाल्या. "बायबलात हाय, प्रेमात भय नसतं म्हनं. म्हंजे माजं प्रेम अजून कच्चंच हाय." त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये क्षमेची ती ओळ त्यांनी म्हटली, असं ग्रेसी सांगत होती. अगदी हळू, पण म्हटली.

यंदा उन्हाळ्यात मावशी गेल्या. कबरस्तानात पाळकसाहेबांची प्रार्थना चालू असताना फाटकापाशी सुनील दिसला. मी ग्रेसीचा दंड धरला. ग्रेसी आता नर्सिंग शिकते आहे. तिनं माझा हात हलकेच सोडवला. "मंदामावशी, तुम्ही मला दिसत राहा," म्हणून ती त्याच्याकडे चालत गेली. चार हात अंतरावर थांबली. काहीतरी बोलली.

तो मान खाली घालून आत आला, मूठभर माती कबरीवर टाकली आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

"काय म्हणालीस त्याला?"

"आजीला माती द्या म्हटलं," ग्रेसी म्हणाली. "आणि घरी येऊ नका."

तिनं माझा हात धरला. तिचा तळवा बर्फासारखा गार होता.