चटईखालची मासिना

मासिना भित्री होती हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नंतर आमच्या वाइतोलो गावात तिच्या धीटपणाच्या भलत्याच कहाण्या पसरल्या. लहानपणी ती कोंबडीलासुद्धा बाजूला होऊन वाट द्यायची. वर्गात बाईंनी नाव पुकारलं की तिची बोबडी वळायची. आणि ही मुलगी मोठी झाल्यावर म्हणे मास्तरीण होणार होती!

त्यासाठीच ती बोटीने राजधानीला, आपियाला गेली. तिथे तिला काही तरुण मंडळी भेटली. शाळांच्या दारात गोड सरबतांच्या आणि तळलेल्या खाऊच्या पुड्यांच्या पाट्या नकोत म्हणून ही पोरं रेडिओवर बोलायची, दुकानदारांच्या विनवण्या करायची. एकदा त्यांनी मंत्र्यांनाही गाठलं. मंत्री गोड हसले आणि सगळ्यांना त्याच सरबताच्या बाटल्या पाजून त्यांनी परत पाठवलं. मासिना या सगळ्यात असायची, पण मागच्या रांगेत, फलकाआड तोंड लपवून.

वर्ष संपायच्या आत तिला घरी यावं लागलं. तिची आई एसेता हिला साखरेचा आजार. पायाचं बोट काळं पडलं, मग पाऊल, आणि शेवटी घोट्याच्या वर पाय कापावा लागला. एसेता कुबडी घेऊन घरी आली आणि स्वयंपाकाला लागली, जणू नुसती चप्पलच हरवली होती. मासिनाला मात्र त्या दिवसापासून नीट झोप नव्हती. दुसरा पायही जाईल, मग आईच जाईल, ही धास्ती तिच्या पोटात बसली ती बसलीच.

आमच्या शाळेच्या फाटकावर एक भलीमोठी पाटी होती. आमच्याच गावचा रग्बी खेळणारा गडी, हातात नारिंगी सरबताची बाटली, आणि खाली लिहिलेलं, ‘दणकट पोरं हेच पितात!’ पोरं सकाळची प्रार्थना म्हणायची तीही त्या पाटीकडे तोंड करून. पण तिला हात कोण लावणार? आमच्या ख्रिस्ती देवळाच्या सभागृहाचं छप्पर त्या सरबताच्या कंपनीने दिलेलं, रग्बी संघाच्या बनियनी त्यांच्याच. आणि हे सगळं जमवून आणलं होतं गावच्या मटाईंमधले, म्हणजे उपाधीच्या घराणेप्रमुखांमधले, थोरले तुइलोआ यांनी. म्हातारा त्या छपराखालून चालायचा तो छाती काढून.

मासिनाने देवळाच्या गाण्यातली चारदोन पोरंपोरी जमवली. पाटी उतरवा, एवढंच मागायचं ठरलं. पण मटाईंच्या बैठकीत उपाधी नसलेल्याने तोंड उघडायचं नसतं, पोरीने तर नाहीच नाही. तिचा बाप पेलेनातो मटाई होता खरा, पण सगळ्यात धाकटा. ती त्याच्या मागे लागली, तेव्हा तो मासे साफ करत होता.

“पोरी, बैठकीत मी टेकतो तो खांब पार दाराजवळचा,” तो म्हणाला. “तिथून बोललेलं फक्त बाहेरच्या कुत्र्यांना ऐकू जातं.”

तेव्हा तिला पांढरा रविवार सुचला. त्या दिवशी पोरं पांढरे कपडे घालून देवळात नाटकं करतात, मोठी माणसं त्यांना आधी वाढतात, आणि पोरांनी काहीही केलं तरी कुणी त्यांच्यावर डोळे वटारत नाही. जे आपल्याला बोलता येत नाही ते पोरं बोलतील, असा तिचा हिशेब. हिशेबात दोन मोठी भोकं होती, पण भित्री माणसं एकदा धीट झाली की त्यांना पुढचं काही दिसत नाही.

नाटक होतं देवाच्या बागेचं. सापाचं काम तिने आठ वर्षांच्या सेफोला दिलं, कारण त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा. सेफो म्हणजे तुइलोआंचा लाडका नातू. हिरव्या कापडाची शेपटी ओढत तो आला, आणि फळाऐवजी त्याने कपड्यातून नारिंगी बाटली काढून गर्जना केली, “दणकट पोरं हेच पितात!” आदमने प्यायलं, हव्वेने प्यायलं, आणि हव्वा झालेली चिमुरडी एका पायावर लंगडत देऊळभर फिरली. देऊळ हसून हसून लोटपोट झालं. मग पुढच्या बाकावरून हसू विझत मागे आलं. तिथे तुइलोआंच्या शेजारी कंपनीचा पाहुणा बसला होता. पोरांच्या जेवणासाठी त्याने बाटल्यांचे खोके आणले होते. तो उठला आणि न जेवता निघून गेला.

पाहुणा उपाशी जाणं यापरती नामुष्की आमच्यात नाही. आणि ते एवढ्यावर थांबलं नाही. सेफोला कुणी बोललं नाही, तो पोर. मासिना एकोणीस वर्षांची घोडी, तिला पांढऱ्या रविवारचं पांघरूण कसलं? शिवाय थोरल्या मटाईच्या नातवाला साप केलं म्हणजे त्या अख्ख्या घराण्याला साप म्हटलं. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिने फक्त आवाज बघितला होता.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधीच निरोप फिरला. मंगळवारी बैठक, आणि पेलेनातोच्या घराला गावाबाहेर काढायचं बोलणं चाललंय. असं काढलेलं घर आम्ही पाहिलेलं आहे. डुकरं मारली, पपईची झाडं तोडली, छप्पर पेटवलं, आणि ती माणसं पोराबाळांसह बोटीच्या धक्क्याकडे चालत गेली. मासिनाच्या पायाखालची जमीन सरकली. कुबडीवरची आई कुठे जाणार, कुणाच्या दारात पडून राहणार? जी पोरं नाटकाच्या तालमीला रोज यायची, त्यातलं एकही त्या संध्याकाळी फिरकलं नाही. त्यांच्या आयांनी त्यांना कोंडून घातलं असेल, किंवा त्यांनी स्वतःच शेपूट घातली असेल. दोष तरी कुणाला देणार?

पेलेनातोने गादीखालून घराण्याची तलम चटई काढली. त्याच्या आईने ती कितीतरी वर्षं विणली होती, आणि ती मासिनाच्या लग्नात द्यायची होती.

“उद्या पहाटे त्यांच्या दारात माफीचा इफोगा करायचा,” तो म्हणाला. “तू माझ्याशेजारी बसायचं. रडायचं नाही, हलायचं नाही. दगड आला तर आला.”

“बाबा, चूक माझी आहे. तुम्ही नका येऊ.”

“चटई माझी आहे ना? मग मी येणार.”

सोमवारी फटफटायच्या आत बापलेक तुइलोआंच्या अंगणात मांडी घालून बसले. समोर जळण आणि दगड ठेवले. आम्ही तुमचे, चूल पेटवून भाजा हवं तर, असा त्याचा अर्थ. मग पेलेनातोने चटई दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली. आता समोरच्या घरातून कुणी येऊन ती उचलली तर माफी. नाही उचलली तर काय, ते तिला ठाऊक होतं. पलीकडच्या गावात एकदा चटईवरूनच कोयता चालवला होता.

चटईखाली काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. कुणीतरी अंगण झाडलं, अगदी त्यांच्या गुडघ्यांना खेटून, जणू तिथे दोन ओंडके पडलेत. घरात भांडी वाजली, हसणं झालं. मग कुठेतरी दगडावर कोयता घासायला लागला. तो रोजचा नारळ सोलायचा कोयता असेल, असं ती स्वतःला समजावत होती. घासणं थांबलं आणि पावलं तिच्याच दिशेने आली. तिने श्वास धरला. पावलं तिच्या मागे येऊन थांबली आणि तशीच थांबून राहिली. भीतीने तिचं नेसणं ओलं झालं. बापाला ते कळलं असणार. त्याने फक्त आपला गुडघा तिच्या गुडघ्याला लावला. पावलं निघून गेली.

ऊन चढलं. चटईखाली भट्टी झाली, घशाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली. आणि मग तिने कुबडीचा आवाज ओळखला. आईला घरी थांबायची शपथ घातली होती. चटईची कड वर झाली, उजेड आत आला आणि एसेता धापा टाकत आत सरकली.

“माझी माणसं माझ्यामागे कुणी मारायची नाहीत,” ती कुजबुजली. “जरा सरका.”

तिघं बसून राहिली. मासिनाला आता मघापेक्षा जास्त भीती वाटत होती, कारण दगड आला तर तो आईलाही लागणार होता.

चटई उचलली गेली तेव्हा उन्हाने तिला काही दिसेना. वर तुइलोआ उभे होते, घामेजलेले, कसनुशा चेहऱ्याचे. पेलेनातोने जमिनीकडे बघत माफीचं भाषण केलं, आणि दाराजवळच्या खांबाचा हा माणूस त्या दिवशी फार चांगलं बोलला. म्हातारा म्हणाला, “उठा. झालं ते झालं. जेवून जा.”

हे जेवण म्हणजेच माफी. ते नाकारणं म्हणजे माफी त्याच्या तोंडावर परत फेकणं. आत तारोचे कंद होते, कोंबडी होती, डब्यातलं मांस होतं, आणि तिघांच्या पुढ्यात तीन नारिंगी बाटल्या, थंडगार, बाहेरून पाणी सुटलेल्या. खांबांशी घरातली सगळी माणसं बसून बघत होती.

“काल माझ्या नातवाने दिली,” तुइलोआ मासिनाला म्हणाले. “आज मी देतो.”

एसेताने क्षणभरही विचार न करता हात पुढे केला. मासिनाला तिचा चेहरा दिसला. घर वाचवायला ही बाई काहीही गिळेल. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते तिघांनाही पाठ होतं. मासिनाने आईच्या हातातली बाटली धरली.

“आईचा वाटा मी पिते.”

बापाने डोळे मिटून घेतले. थोरल्यांच्या घरात, माफीच्या पानावर, पोरीने तोंड उघडलं होतं. आता तीच चटई आपल्यावर पुन्हा पडणार, असं तिला वाटलं. तुइलोआ तिच्याकडे बघत राहिले, मग त्यांची नजर एसेताच्या पायाकडे गेली, जिथे पाऊल नव्हतं.

“हिला शहाळं आणा,” ते सुनेला म्हणाले. मग त्यांनी बोटाने मासिनाच्या पुढ्यातली बाटली दाखवली. “तू मात्र तुझी संपव. माझ्यासमोर.”

तिने बाटली तोंडाला लावली. अंगणात इतका वेळ तापलेल्या घशातून ते सरबत खाली उतरलं, गार, गोड, जिभेवर चुरचुरणारं. दोन घोट घेऊन थांबायचं तिने ठरवलं होतं. तिला थांबताच आलं नाही. बाटली रिकामी झाली तेव्हा तिचा हात आपोआप आईपुढच्या बाटलीकडे गेलेला तिने पाहिला, आणि पहाटेपासून चटईखालीसुद्धा ती इतकी घाबरली नव्हती.