मंजूर नसलेले डबे

महामारी आली आणि माझी सिडनीतल्या ट्रॅव्हल ऑफिसातली नोकरी पहिल्या झटक्यात गेली. विमानंच बंद, तर तिकिटं कुणाला विकणार? पण सरकारने बेकारभत्ता वाढवला. वर सांगितलं की सध्या नोकरीचे अर्ज करून दाखवायची गरज नाही. पन्नाशीतली, एकटीने घर चालवणारी मी, इतकी निर्धास्त झाले की चक्क पुरणपोळ्या केल्या.

त्यातल्या काही आमच्या क्वेकर्स हिल या उपनगरातच, मागच्या गल्लीत राहणाऱ्या तीन मुलींना नेऊन दिल्या. नाशिककडच्या, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या. रेस्टॉरंटमधली कामं गेलेली. विद्यार्थी व्हिसा म्हणून भत्ता नाही. सरकार म्हणे, त्यांनी आपल्या देशात परत जावं! कशाने, पोहत? त्यांच्या फ्रीजमध्ये अर्धा कोबी आणि केचपची बाटली होती. ते बघून माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी साडेबाराला मी त्यांच्या दारात डबा ठेवू लागले.

काही महिन्यांनी नियम पुन्हा बदलले. आजार होता तिथेच होता, पण अर्ज, मुलाखती, फोनवरची हजेरी सगळं परत आलं. माझ्या रोजगार सल्लागार बाईंनी नेमका साडेबाराला फोन केला. मी मुलींच्या दारात, फोन गाडीत. तेवढ्यावरून माझा भत्ता थांबवला.

"अहो, मी रोज तिघींचं जेवण पोचवते," मी त्यांना इंग्रजीत सांगितलं.

"दॅट्स लव्हली! पण तुमची संस्था आमच्या मंजूर संस्थांच्या यादीत आहे का?"

संस्था! संस्था म्हणजे मी आणि माझा कुकर.

भत्ता हवा तर आठवड्यातून तीन दिवस यादीतल्या किचनमध्ये बिनपगारी काम करायचं, असं ठरलं. काम काय, तर गरजूंसाठी जेवणाचे डबे भरणं! हे ऐकून हसावं की कुणाच्या तरी डोक्यात कालथा घालावा, कळेना. किचन तासभर लांब. पहिल्या दिवशी मुलींच्या दारात ब्रेडचं पाकीट ठेवून पळावं लागलं.

दुपारी तीनला काम संपलं, तेव्हा चार डबे उरले होते. सुपरवायझर ते कचऱ्यात टाकायला निघाला. मी म्हटलं, मला द्या, तीन उपाशी मुली आहेत.

"सॉरी मेट, यादीत नाव नसलेल्यांना देता येत नाही."

तो फोनवर बोलायला वळला. आयुष्यात मी कुणाची टाचणीसुद्धा उचललेली नाही. त्या दिवशी तीन डबे पिशवीत घातले आणि ताठ मानेने बाहेर पडले. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मुलींनी दारातच झाकणं उघडली. धाकटीने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं.

"काकू, हे तुम्ही नाही ना केलंत?"

"नाही गं," मी म्हणाले. "सरकारने पाठवलंय."