कुसुमकाकींच्या रानात कुदळ

कुसुमकाकी चौगुले यांच्या वीस गुंठ्यांत विष ओतलं गेलं, गेल्या वर्षी कर्नाटकी बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या सकाळी. शेजारच्या उसावर तणनाशक मारणाऱ्या ठेकेदाराला सणाला घर गाठायचं होतं. उरलेलं पिंप त्यानं काकींच्या मेथीत उपडं केलं. तेव्हापासून तिथं मेथी सोडाच, हरळीही उगवलेली नाही. हे आधी, मग प्रवास.

श्रावणात मी संघटनेच्या कामासाठी साताऱ्याहून निघाले. उंब्रज मागे टाकून कराडला उतरले आणि एका प्रयोगशाळेतून कॅन घेतला. त्यात तणनाशक खाऊन पचवणारे जिवाणू होते. ते शेणखतात कालवायचे, ओल धरायची आणि माती खणून मोकळी करायची. हवा मिळाली तरच ते जगतात.

सांगलीच्या गाडीत कंडक्टर कॅनवर अडला. रॉकेल तर नाही ना, म्हणाला. जिवाणू आहेत, म्हटलं.

"जित्ती हायत? मग त्यांचं बी तिकीट काढा की."

गाडी हसली, मीही हसले. बाहेर ऊस हिरवागार आणि बांध मात्र गंजल्यासारखे तांबडे, फवारून जाळलेले. आपण खिडकीतून हे रोज बघतो आणि डुलकी काढतो.

सांगलीला काकींचा मुलगा भरत आला, कुपवाडच्या कारखान्यातली पाळी संपवून, मोटरसायकलवर. कॅन मांडीवर घेऊन मागे बसले. वाटेत त्यानं सरळ सांगितलं, दिवाळीपर्यंत रानात हिरवं दिसलं नाही तर जागा गोदामाला द्यायची. मी तावातावानं बोलले. त्यानं ऐकून घेतलं.

"ताई, तुमी परत जाणार. आईला रोज त्या बांधावर बसल्याली मी बघतो."

काकींनी आधी जेवू घातलं. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. कांदा-लसूण नाही. मग रानाच्या बांधावर मी खणायचा विषय काढला आणि भरतनं मान खाली घातली. काकी जैन, आणि चातुर्मास लागला होता. या चार महिन्यांत काकी कुदळीला हात लावत नाहीत, आपल्या रानात कुणाला लावूही देत नाहीत. मातीतला जीव मरतो म्हणून. व्रत संपेपर्यंत थांबावं, तर दिवाळी उलटून जाते.

आम्ही संघटनेच्या पत्रकात छापतो, तसलं भाषण मी ठोकलं. काकी ऐकत नव्हत्याच. बांधावरून खाली उतरल्या, मूठभर माती उचलली, हुंगली, बोटांनी कुस्करली.

"खण की पोरी," म्हणाल्या. "आत मारायला ऱ्हायलंय काय?"

भरतनं कुदळ मारली. मी खत कालवत गेले. काकी मागून येऊन एकेक ढेकूळ फोडून बघत होत्या. गांडूळ शोधत होत्या. एकही निघालं नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत.

काकींची तक्रार तालुक्याला पडून आहे, साक्षीदार नाही म्हणून. आणि त्या बेंदराच्या सकाळी काकींच्या रानाजवळच्याच वाटेनं अर्धी गल्ली बैल धुवायला नदीवर चालली होती! मी घरोघरी विचारलं. कुणी चहा दिला, कुणी दार लोटलं. "आमाला गावात ऱ्हायचं हाय," एवढं एक म्हातारे पुटपुटले.

रिकामा कॅन घेऊन परत आले. पंधरवड्यानं भरतचा फोन आला. खणून पेरलेली मेथी उगवली, दोन पानांवर आली आणि पिवळी पडून झोपली. वेळ लागतो, असं मी म्हणाले. ते खरंही आहे. पण दिवाळी माझ्यासाठी थांबणार नाही. काकींनी पुन्हा खणायला सांगितलंय, असं तो म्हणाला.

बैल घेऊन त्या वाटेनं गेलेल्यांनो, तुमच्यातलं कुणीतरी हे वाचत असेलच. तुम्ही पिंप पाहिलंत, माणूस पाहिलात. काकींनी आयुष्यभराचं व्रत मोडलं. तुम्ही निदान तोंड उघडा. उद्या तालुक्याला जा आणि साक्ष द्या.