दुसऱ्या गिअरमध्ये उतरलेला ट्रक

नोकरीत अपघातांचे असंख्य पंचनामे केले, पण एका ट्रकचा पंचनामा अजून मनातून जात नाही. सातारा जिल्ह्यात महामार्गावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी अकराच्या सुमारास फरशीनं भरलेला ट्रक घाटाच्या पायथ्याशी उभ्या टेम्पोला धडकला. टेम्पोचालकाचा पाय मोडला. त्याला कराडला दवाखान्यात हलवलं.

ट्रकमध्ये माण तालुक्यातलं एक जोडपं होतं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातलं. अवजड वाहनाचा परवाना दोघांकडेही होता. ठाण्यात येताच नवरा म्हणाला, "सायेब, गाडी मीच चालवत हुतो. चौथ्या गिअरात हुतो, पाय ब्रेकवरच हुता. ब्रेक तापलं आन् लागंनात. चूक माझी हाय." बायको शेजारच्या बाकावर बसली होती.

स्टेशन डायरीला नोंद होते न होते तोच फोन आला. पायथ्याशी रसवंती चालवणारे एक निवृत्त सुभेदार बोलत होते. "साहेब, फौजेत मी वीस वर्षं गाडी चालवली. स्टिअरिंगच्या बाजूनं बाई उतरली. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

मी ट्रकपाशी गेलो. नवरा सहा फुटी गडी, आणि चालकाची सीट इतकी पुढं ओढलेली की त्याचे गुडघे मावले नसते. मोटार वाहन निरीक्षकांनी तपासणी केली. गिअर दुसऱ्यातच होता, इंजिन ब्रेकचं बटण चालू होतं. ब्रेकचा एक सांधा तुटला होता, पण ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक घासून थांबवणारे पट्टे, तापल्याची खूण कुठंच नव्हती. नवऱ्याच्या जबाबातलं एकही वाक्य गाडीशी जुळेना.

बाईला महिला हवालदारासमोर बसवून विचारलं, "ताई, घाट कसा उतरवायचा असतो?"

ती बोलायला लागली ती थांबेना. "उतार लागायच्या आदीच गिअर खाली घ्यायचा. गाडी पळाय लागल्यावर गिअर पडत न्हाई. ज्या गिअरात चढतो, त्याच गिअरात उतरायचं. इंजिन ब्रेक लावायचा, क्लच दाबून ठेवायचा न्हाई. पायातला ब्रेक लागंल तेवढाच, मधनंमधनं."

"आज काय झालं?"

"पायातला ब्रेक एकदम हलका पडला. तरी इंजिनानं गाडी धरली हुती. पर थांबायची न्हाई. म्होरं रसाच्या गाड्यापाशी मान्सं हुती, म्हणून टेम्पोवर घातली. त्याच्या आडाला मानूस हाय, ह्ये दिसलं न्हाई सायेब." इथं तिला रडू आलं.

नवऱ्याला आत बोलावलं. म्हटलं, "तुमचा जबाब खरा धरला तर निष्काळजीपणाचा गुन्हा तुमच्यावर. यांचा खरा धरला तर यांचा दोष दिसत नाही. मग खोटं कशाला?"

तो म्हणाला, "मला वाटलं, आता एकाला तरी आत जावं लागणारच. पोरगी धा वर्साची हाय. तिला आई लागती."

"आन् बाप लागत न्हाई व्हय?" बायको म्हणाली. आमच्या हवालदारीणबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

जबाब नव्यानं नोंदवला. खोटं बोलल्याबद्दल त्याला कडक समज दिली, आवाज मात्र हवा तेवढा चढला नाही. तपासात दोष यांत्रिक बिघाडाचा निघाला. टेम्पोचालक बरा होईपर्यंत हे जोडपं दर आठवड्याला त्याच्या घरी जात होतं. ट्रक सोडवून नेताना ती स्टिअरिंगवर बसली आणि तो सगळ्यांदेखत दुसऱ्या बाजूनं वर चढला.

गुन्हा लपवायला माणसं खोटं बोलतात, हे मला नोकरीनं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. न केलेला गुन्हा कुणी अंगावर घेतला, तर तपास तितकाच कसून करावा लागतो, हे या दोघांनी शिकवलं. त्या दिवशी मी आयती कबुली घेऊन फाईल बंद केली असती, तर एक निरपराध माणूस कोर्टात उभा राहिला असता, आणि आपण काम चोख केलं, या समाधानात मी निवृत्त झालो असतो.