मेंढरांचा पूल

संस्थान विलीन झाल्यावर वेल्ह्याच्या वाटेवर पूल झाला. तो बांधणारा तरुण इंजिनिअर भोरला माझ्या शेजारी राहायचा. चष्मा पुसत तो गवंड्यालाही विचारायचा, "तुम्हाला काय वाटतं?"

पूल खुला झाला त्या दिवशी धनगरांची मेंढरे मात्र त्यावर पाय ठेवीनात. नदीत दरवर्षी कोकरे वाहून जात.

"सायेब, ही न्हाई म्हनत्यात. घालू का पान्यातनंच?" म्हातारा धनगर म्हणाला.

"थांबा, विचारून बघतो."

इंजिनिअरने एक कोकरू उचलून खांद्यावर घेतले आणि तो पुलावरून चालू लागला. मेंढी ओरडत मागे निघाली, तिच्यामागे सगळा कळप. पलीकडे धनगरांनी त्याच्यावर भंडारा उधळला. पिवळ्या चष्म्याआडून तो हसत होता.

पुढच्या वर्षी तो तापाने गेला. त्याने बांधलेला तो एकच पूल. मेंढरे अजून त्यावरूनच जातात.