नीळकाकूंनी धुतलेली हवा

विमानतळाच्या रस्त्यावर, टॅक्सींच्या रांगेला अगदी खेटून, नीळकाकूंचं दुमजली घर होतं. खाली लाँड्री, वर बिऱ्हाड आणि गच्ची. पांढऱ्या कपड्यांना नीळ देता देता बोटांची टोकं कायमची निळसर झालेली, म्हणून त्या नीळकाकू. खरं नाव सांगायला त्यांच्या यजमानांनाही क्षणभर थांबावं लागे.

समोरच्या हॉटेलच्या चादरी तीस वर्षं त्यांच्याच गच्चीवर वाळत आल्या होत्या. काजळी पडली की लोक विमानांना नावं ठेवत. काकू म्हणत, "विमान बिचारं वरच्या वर जातं. धूर करतात ते त्याला गाठायला निघालेले." नऊचं विमान म्हणजे सातला खाली रांग, सगळ्यांची इंजिनं चालू. सातला पाच कमी असताना काकू एका झटक्यात दोरीवरच्या चादरी ओढत. अंक संपल्यावर पडदा पडावा तसा थाट.

पण विमानं वाढली आणि पडदा पाडायला उसंतच मिळेना. एके दिवशी हॉटेलच्या मॅनेजरने काळा पट्टा उमटलेली चादर परत धाडली. सोबत निरोप: पुन्हा असं झालं तर दुसरी लाँड्री बघू. काकूंना दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज केला, की टॅक्सींची रांग मागच्या मोकळ्या मैदानात हलवावी.

मग हवा मोजणारे साहेब आले. गच्चीवर यंत्र बसवून त्यांनी त्यात कापडासारखा एक पांढराशुभ्र गोल फिल्टर घातला.

"सात दिवस हवा यातून जाईल. हा जितका काळा होईल तितकी तुमची बाजू भक्कम. यंत्राला हात लावू नका."

"मला काय करायचंय तुमच्या यंत्राशी?" काकू म्हणाल्या. आणि यंत्राला त्यांनी खरोखरच हात लावला नाही म्हणायचं.

आठव्या दिवशी साहेबांनी झाकण उघडलं. फिल्टर उजेडात धरला, उलटा करून धरला, मग हळूच त्याचा वास घेतला.

"काकू, याच्यावरून तर तुमची हवा डोंगरावरच्यापेक्षा चांगली निघणार."

"असं कसं होईल?"

"आणि हा कडक का लागतोय? याला खळ दिलीय का?"

काकूंचे यजमान खाकरले. "मी फक्त इस्त्री केली. ती जे हातात देते त्याला मी इस्त्री करतो. चाळीस वर्षं."

काकूंनी निळी बोटं पदरात लपवली. "काल सहज झाकण उघडलं हो. म्हटलं परक्याची वस्तू, अशी काळीकुट्ट कशी परत द्यायची? हात आपोआप गेला."

"अहो, तो मळ म्हणजेच पुरावा होता."

"मग आणखी सात दिवस ठेवा. कुलूप लावा आणि किल्ली तुम्हीच न्या. माझा माझ्यावर भरवसा नाही."

साहेबांनी हसत कुलूप लावलं. पण झाकणाला काच होती आणि फिल्टर आत दिवसागणिक काळवंडत होता. यजमान खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

"तिकडे बघू नकोस."

"कोण बघतंय?"

"मग हातात साबण कशाला?"

सहाव्या दिवशी काकू धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना यंत्राकडे पाठ करूनच जिना उतरल्या.

फिल्टर तव्यासारखा काळा निघाला. महिन्याभरात रांग मैदानात गेली आणि नऊच्या विमानाच्या वेळीही चादरी दोरीवर निवांत डुलू लागल्या. हॉटेलचा मॅनेजर स्वतः येऊन पडदेही धुवायला देऊन गेला.

साहेब कागदावर शेवटची सही घ्यायला आले तेव्हा काकूंनी विचारलं, "तो फिल्टर आता मोकळा झाला असेल ना?"

"तो फाइलला लावलाय. कायमचा राहील."

"तसाच? मळका?"

"तसाच."

काकूंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा नजर साहेबांच्या कॉलरवर होती.

"साहेब, निदान हा शर्ट तरी ठेवून जा."